फिनलंडवर लिहिताना

बेटा, अनेक आशीर्वाद.

लातूरहून पाठवलेला तुझा निबंध वाचला. 1939 च्या हिवाळी युद्धात फिनलंड बलाढ्य सोव्हिएत फौजेपुढे 105 दिवस टिकलं ते बर्फ, जंगल आणि स्कीवरच्या सैनिकांमुळे, असं तू लिहितेस. ते खरंच आहे. पण तेवढंच लिहून थांबू नकोस, आधी 1918 ला जा.

त्या वर्षी हाच देश लाल म्हणजे समाजवादी आणि पांढऱ्या म्हणजे त्यांच्या विरोधी गटांत फुटून आपसांत लढला. तीस-बत्तीस लाखांच्या देशात 35 हजारांहून अधिक माणसं गेली, कित्येक लाल कैदी छावण्यांत उपासमारीनं आणि रोगराईनं. लाल बाजूला मजूर होते, कुळंही होती. जिंकलेल्या पांढऱ्यांनी त्याच वर्षी कुळांना कसत्या जमिनी विकत घ्यायचा हक्क दिला. 1922 ला क्योस्ती कल्लियोच्या कायद्यानं भूमिहीनांनाही जमिनीची वाट मोकळी केली. (1950 च्या हैदराबाद कूळकायद्यानं आपल्याकडच्या कुळांचं काय झालं, ते आजोबांना विचार. म्हणजे याचं मोल कळेल.) हिवाळी युद्धात फिनलंडचा राष्ट्राध्यक्ष हाच कल्लियो होता.

स्टालिननं 1 डिसेंबर 1939 ला सीमेलगतच्या तेरियोकीत ओटो कूसिनेनचं बाहुलं सरकार बसवलं. कूसिनेन 1918 च्या हरलेल्या बाजूचा पुढारी. गरिबांना जमीन देऊ, असं त्यानं जाहीर केलं. जुनी जखम उघडेल आणि कामगार उठतील, असा हिशोब होता. कुणी उठलं नाही. लाल घरांतली पोरंही फिनलंडच्याच बाजूनं लढली. तुझ्या निबंधाचा कणा मला इथं दिसतो.

पण विजयगाथा लिहू नकोस. मार्च 1940 च्या तहात, युद्धाआधी मागितली होती त्याहून जास्त भूमी गेली. वीपुरी शहर गेलं. 1941 ला फिनलंड जर्मनीच्या बाजूनं पुन्हा युद्धात उतरलं, तेही झाकू नकोस. मात्र देश शेजाऱ्याच्या ताब्यात गेला नाही. गेलेल्या मुलखातून आलेल्या चार लाखांहून अधिक लोकांसाठी 1945 ला कायदा करून सरकारी, कंपन्यांच्या, चर्चच्या आणि मोठ्या मालकांच्या जमिनी काढून वाटल्या. स्वतःची जमीन तोडून द्यायला तिथले शेतकरी किती कुरकुरले असतील! तरी दिली.

हा भाग तू दोन ओळींत उरकलास. तो वाढव. त्याआधी किल्लारीकडं जा, 1993 च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांत म्हाताऱ्या माणसांजवळ बस. नव्या जागी पहिली काही वर्षं कशी काढली, शेत किती लांब पडलं, शेजार कोणाचा मिळाला, ते विचारून घे. मग मसुदा पाठव. लाल शाई भरून ठेवतो.

तुझा,
सर