नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, चौघांचं घर कसं चालवायचं?

लातूरला बदली झालीय, नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, घरात दोन लहान मुलं आहेत, निभवायचं कसं, असं तुम्ही विचारलंय. मी इथलीच. 2016 साली मांजरा धरण आटलं आणि मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळाही आम्ही इथेच काढला. घाबरू नका, निभतं.

आधी साठवणीचा हिशेब करा. शहरात माणशी रोज 135 लीटर धरतात, त्या मापाने तुम्हाला 4320 लीटर लागतील. भाड्याच्या घरात एवढं ठेवणार कुठे? माणशी 55 लीटरमध्ये नीट भागतं. म्हणजे आठ दिवसांना 1760 लीटर, हजारची टाकी आणि दोनशेचे चार ड्रम. त्यातलं पिण्याचं आणि स्वयंपाकाचं 160 लीटर आधी बाजूला काढा. त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी.

पाणी सुटलं की सुरुवातीचं संडासच्या ड्रममध्ये घ्या. लाइन इतके दिवस रिकामी असते, फुटक्या जागांतून बाहेरची घाण आत शिरते. नळाला थेट मोटार लावली की ती आणखी ओढली जाते, वर शेजारच्या घरी पाणीच चढत नाही. कृपा करून लावू नका. पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवा, पण तुरटीने फक्त गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नितळल्यावर उकळून घ्या.

मला सगळ्यात वाईट वाटतं ते नवं पाणी आलं की जुनं 'शिळं झालं' म्हणून गटारीत ओतलेलं पाहून. धुणं त्याच दिवशी काढा, साबण त्या जुन्या पाण्यात लावा. खळबळलेलं पाणी बादलीत धरून संडासला वापरा. मुलांना टबात बसवून आंघोळ घाला, तेही पाणी तिकडेच. भांड्यांचं खरकटं आधी कागदाने पुसून काढलं की विसळायला निम्मं पाणी पुरतं.

आणि मुलं लहान आहेत म्हणून हे कळकळीने सांगते: डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास तयार होतो. आपल्याकडे पाणी यायचं अंतरही तेवढंच. अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी बदलून भागत नाही. ड्रम रिकामा झाला की आतून ब्रशने घासा, भरल्यावर जुन्या सुती साडीचं फडकं घट्ट बांधून वर झाकण ठेवा. घराला हौद असेल तर त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडा, आरोग्य विभागाकडे विचारा. पिण्याच्या हौदात सोडले तरी चालतात, पाणी उकळून घ्यायचं.