‘खूप रडलो’ एवढ्यावर थांबू नकोस

तू पाहिलेल्या सिनेमावरच्या टिपणात ‘खूप रडलो’ असं तीनदा लिहिलंयस; नेमकं कुठे, ते एकदाही नाही. १९४८चा ‘बायसिकल थीव्ज’ हा इटालियन सिनेमा बघ. सायकल चोरताना पकडलेल्या बापाला जमाव धक्के मारतो आणि त्याचा लहानगा मुलगा ब्रुनो रडत रडत त्याची पडलेली हॅट उचलून झटकतो. मग हात धरून दोघं गर्दीत चालत राहतात. बस. (बापाचं काम करणारा तर मुळात कारखान्यातला कामगार, नट नव्हेच.) तुझ्या सिनेमातली अशी एखादी हॅट शोध, अर्धं टिपण तिच्यावर खर्च कर. कथा दोन ओळींत उरक. ‘जिद्द’, ‘त्याग’ हे शब्द पहिल्या खर्ड्यात खुशाल येऊ देत, दुसऱ्यात खोड. आणि सिनेमा संपल्यासंपल्या लिहायला बसू नकोस; मी बसायचो, सगळं भिजलेलं यायचं.