रोमला चार दिवस? मग घाई नको

तुमच्या दौऱ्याचा बेत पाहिला. दीड महिन्यात रोमला चार दिवस ठेवलेत, छान केलंत. पण दिवसाला सहा ठिकाणं? तिसऱ्या दिवशी पाय बोलायला लागतील. सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी नुसती भटकंती, एवढंच ठेवा.

कलोसियमचं तिकीट ठरावीक वेळेचं आणि नावावर असतं. ते निघण्याआधीच काढा, तिथे पासपोर्ट जवळ असू द्या. फोरम, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष, त्याच तिकिटात येतो. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद. फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडी आणि फुकट, पण रांग म्हणजे आषाढीची दर्शनबारी!

पँथिऑन हे प्राचीन रोमन मंदिर मात्र चुकवू नका, आणि जमलं तर पावसात जा. घुमटाला जवळजवळ ९ मीटर रुंदीचं उघडं भोक आहे. पाऊस सरळ आत पडतो आणि उतरत्या फरशीतल्या छिद्रांतून निघून जातो. ही सोय सुमारे १९०० वर्षांपूर्वीची, आणि आमच्या सोसायटीची गच्ची दरवर्षी गळते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका. रस्तोरस्ती ‘नासोनी’, म्हणजे मोठ्या नाकाचे, लोखंडी नळ वाहत असतात, पाणी पिण्याचंच. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या छिद्रातून धार उडते. पहिल्यांदा शर्ट भिजतो.