ख्रिस्ती कॉलेजात नाटक करायचं तर धार्मिकच विषय घ्यावे लागतात का?

मुलीला नाटकाचं वेड आहे, मुंबईतल्या एका ख्रिस्ती कॉलेजात प्रवेश मिळतोय, तर तिथे धार्मिकच नाटकं करायला लावतात का आणि मराठीला वाव असतो का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्याचं उत्तर: नाही. दुसऱ्याचं उत्तर मराठी मंडळ कोणाच्या हातात आहे त्यावर अवलंबून, आणि माझं दुखणं नेमकं तिथलंच आहे.

१९९३-९४ ला मी अशाच एका कॉलेजात एस.वाय.ला होतो. नाव लिहीत नाही. मंडळात माझ्याकडे नेपथ्य, म्हणजे फळ्या उचलणं. वर्ष ठरलेलं असायचं. जुलैत ऑडिशन, पावसात युवा महोत्सव आणि एकांकिका स्पर्धा, डिसेंबरात नाताळची नाटिका (आमचा एक सदाशिवपेठी मित्र तीन वर्षं योसेफ झाला, आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही), आणि राखेच्या बुधवाराच्या आत एक पूर्ण लांबीचं मराठी नाटक. त्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की सभागृह बंद. धर्माची अट म्हणाल तर एवढीच.

त्या वर्षी आम्ही तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' काढलं. मंडळाचे सर म्हणाले, "फादरना हे चालणार नाही." नाटकातल्या लुटुपुटूच्या खटल्यात बेणारेबाई अविवाहित, गरोदर, आरोप भ्रूणहत्येचा आणि शेवटी निकाल काय, तर गर्भ नष्ट करावा. गर्भपात पाप मानणाऱ्या कॅथलिकांच्या कॉलेजात! शेवटी सर एका अटीवर तयार झाले: निकाल गाळा. निकाल गाळून कोर्ट चालवायचं! आम्ही माना डोलावल्या, काय करणार.

ह्या नाटकात दार महत्त्वाचं. सुरुवातीलाच बेणारेचं बोट कडीत सापडतं, आणि पुढे तीच कडी बाहेरून लागून बसते नि ती आत अडकते. मी चोर बाजारातून एक जुनी लोखंडी कडी आणली. आतून दार ओढलं की नुसती खडखडायची, अगदी हवी तशी. पण फ्लॅट, म्हणजे नेपथ्याची भिंत, प्लायचा, त्याला तिचं वजन पेलेना. बेणारेनं दाराला हात घातला की अख्खी चौकट डुलायची आणि काशीकर, म्हणजे नाटकातला न्यायाधीश, हसायचा. मागून टेकू द्यायला जाड लाकूड हवं होतं. मोडकी बाकं माळ्यावर पडलेली, किल्ली फादरांकडे. म्हणून मी एकटाच त्यांच्या केबिनमध्ये गेलो.

फादर वसईचे, मराठी आमच्यापेक्षा चांगलं. "कुठलं नाटक?" म्हणाले. मी सांगितलं आणि घाईघाईनं पुस्ती जोडली, "निकाल गाळलाय, फादर."

"का?"

"तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"मला कोणी विचारलं?"

मी गप्प. मग ते म्हणाले, "निकाल गाळला तर काशीकर सभ्य माणूस ठरतो. तो काय बोलतो ते लोकांना ऐकू दे की." आणि हसत म्हणाले, जेझुइटांच्या, म्हणजे शाळा-कॉलेजं चालवणाऱ्या एका कॅथलिक संघाच्या, १५९९ च्या शिक्षण-नियमावलीत लिहिलंय, नाटक लॅटिनमध्ये असावं, क्वचित असावं आणि त्यात स्त्रीभूमिका नसावी. "तरी त्यांच्याच शाळांतून कॉर्नेय, काल्देरॉन आणि व्होल्तेर यांच्यासारखे नाटककार निघाले. तुमचं तर मराठीत आहे आणि सगळं एका बाईवरच." आमचे फादर जेझुइट नव्हते, त्यामुळे त्यांना हे सांगताना जरा जास्तच मजा येत होती. चार बाकं दिली.

निकाल परत आला. सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. प्रयोगात तो निकाल वाचला तेव्हा फादर दुसऱ्या रांगेत होते, हलले नाहीत. चौकटही हलली नाही.

गेल्या वर्षी सरांचा सत्कार झाला. भाषणात म्हणाले, "त्या काळी फादरांशी भांडून मी 'शांतता' उभं केलं." टाळ्या. फादर आता नाहीत. मी समोर बसून समोसा खाल्ला. म्हणून इथे लिहितोय.

ख्रिस्ती कॉलेजात नाटकाला कात्री लावणारे बहुतेक वेळा आपलेच लोक असतात आणि ती फादरांच्या नावावर खपवतात. मराठीचंही तेच. फादर स्टीफन्स नावाच्या इंग्रज माणसानं सुमारे अकरा हजार ओव्यांचं ख्रिस्तपुराण मराठीत लिहून १६१६ मध्ये छापलं, आणि आपण विचारतो तिथे मराठी चालेल का. सेन्सॉर म्हणाल तर खरं सेन्सॉर सरकारचं, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. त्याला कॉलेजाच्या धर्माशी देणंघेणं नाही.

आता माझा अनुभव तीस वर्षांपूर्वीचा आणि एका फादरांचा, हेही खरं. सगळी ख्रिस्ती कॉलेजंही एकाच माळेतली नव्हेत: विल्सन स्कॉटिश मिशनऱ्यांचं, झेवियर्स जेझुइटांचं. शिवाय बहुतेक ठिकाणी 'नाट्यविभाग' नसतोच, हौशी मंडळ असतं. रीतसर पदवी हवी असेल तर पुढे कलिन्याला विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे.

प्रवेशाच्या वेळी धर्माबद्दल विचारू नका. तालमीला जागा किती वाजेपर्यंत मिळते ते विचारा. साडेआठ सांगतील, साडेनऊच्या आत सुटत नाहीत. तुम्ही विरार किंवा बदलापूरला राहत असाल तर आधी तेवढं बघा.