कास पठाराच्या नव्या गाइडला

पाठ केलेली इंग्रजी नावांची यादी पाहुण्यांसमोर म्हणू नकोस. पायाखालून सुरुवात कर: जांभा म्हणजे लॅटेराइट, त्याखालचा काळा पाषाण बेसाल्ट. दवबिंदू म्हणजे सनड्यू, सीतेची आसवं म्हणजे ब्लॅडरवर्ट. या दोन्ही वनस्पती किडे खातात म्हटलं की माणसं वाकून बघतातच! फक्त ब्लॅडरवर्टचे सापळे फुलात नसतात, ओल्या मातीत असतात, एवढं नीट सांग. गव्याला बायसन म्हणायची सवय इथं सगळ्यांनाच आहे. तू गौरच म्हण. बायसन हा अमेरिका-युरोपातला वेगळा प्राणी. भेकर म्हणजे बार्किंग डिअर, शेकरू जायंट स्क्विरल. वनस्पतींची शास्त्रीय नावंही वहीत लिहून ठेव, कारण एकाच इंग्रजी नावाच्या अनेक जाती निघतात आणि अभ्यासू पाहुणा नेमकं तेच विचारतो.