वाचकांचे प्रश्न : जोडी कुठे जुळते, कुठे चुकते

प्रश्न : ‘ए-टी-जी-जी-सी-ए-सी-टी’ या डीएनएच्या अक्षरक्रमाचा पूरक, म्हणजे जोडीचा, धागा लिहायचा होता. मी ‘टी-ए-सी-सी-जी-टी-जी-ए’ लिहिलं. सगळ्या जोड्या बरोबर असूनही गुण का कापले?
– बारावीची विद्यार्थिनी, गुहागर

उत्तर : एसमोर टी, जीसमोर सी या जोड्या बरोबर आहेत, दिशा राहिली. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या उलट दिशेने धावतात. धाग्याच्या दोन टोकांना ५′ (पाच-प्राइम) आणि ३′ (तीन-प्राइम) म्हणतात; एकाचं ५′ टोक असतं तिथे दुसऱ्याचं ३′. टोकं लिहिली नाहीत तर क्रम डावीकडून ५′ ते ३′ असाच वाचायचा, असा संकेत आहे. तू लिहिलेल्या ओळीला डावीकडे ३′ आणि उजवीकडे ५′ लावलं असतंस तर उत्तर पूर्ण होतं. नाहीतर ओळ उलटून लिहायची : ५′-ए-जी-टी-जी-सी-सी-ए-टी-३′. पहिली सवय उत्तम, कारण टोकं दिसली की गोंधळच उरत नाही.

आरएनए विचारला तर आधी दिलेला धागा साचा, म्हणजे ज्यावरून आरएनए उतरवला जातो तो, आहे की नाही ते पाहा. तो साचा नसेल, तर एम-आरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए) त्याच क्रमाचा येतो, फक्त टीच्या जागी यू : ए-यू-जी-जी-सी-ए-सी-यू. इथे पुन्हा पूरक क्रम लिहिणारी मुलं खूप असतात.

प्रश्न : कोळंबीचं बी (तळ्यात सोडायची पिल्लं) पीसीआर चाचणी करून घ्या म्हणतात. यंत्राला पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू ओळखू कसा येतो? ‘निगेटिव्ह’ अहवाल डोळे मिटून मानायचा का?
– खाडीकाठचे कोळंबी उत्पादक, देवगड तालुका

उत्तर : पीसीआर म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणारी चाचणी. त्यात ओळखण्याचं काम यंत्र करत नाही, अक्षरांच्या जोड्या करतात. या विषाणूचा डीएनए दुहेरी धाग्याचा आहे. सुमारे ९५ अंश सेल्सिअसला धागे सुटे होतात. मग तापमान उतरवलं की प्राइमर, म्हणजे साधारण २० अक्षरांचे मुद्दाम बनवलेले तुकडे, आपली पूरक जागा शोधून चिकटतात. ७२ अंशांना विकर (एन्झाइम) तिथून पुढचा धागा विणतं. अशा तीसेक फेऱ्यांत त्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती होतात.

ए-टी जोडीत दोन हायड्रोजन बंध, जी-सीत तीन. म्हणून जी-सी जास्त असलेला प्राइमर जास्त उष्णतेतही टिकतो. ढोबळ हिशेब असा : प्रत्येक ए किंवा टीला २ अंश, प्रत्येक जी किंवा सीला ४. दहा-दहा असतील तर २० आणि ४० मिळून ६० अंश. चिकटवण्याचं तापमान त्याहून ५ अंशांनी कमी, म्हणजे ५५, धरून सुरुवात करतात. ते फार उतरलं तर अर्धवट जुळणाऱ्या जागीही प्राइमर बसतो आणि भलताच तुकडा वाढतो. फार चढलं तर खऱ्या जागीही बसत नाही. प्राइमरच्या ३′ टोकाचं शेवटचं अक्षर जुळलं नाही तर विकराला पुढे विणणं जड जातं. विषाणूत नेमका तिथे बदल झाला असेल तर तो निसटू शकतो.

तरी ‘निगेटिव्ह’ फसतं ते बहुधा नमुन्यामुळे. हौदातलं २ टक्के बी बाधित असेल, तर त्यातलं एक तरी ९५ टक्के खात्रीने हाती यायला सुमारे १५० नग लागतात, तेही हौदाच्या वेगवेगळ्या भागांतून. दहा-वीस नगांवर निर्धास्त होऊ नका. नमुना ९५ टक्के अल्कोहोलमध्ये पाठवा. फॉर्मॅलिनमध्ये डीएनए जखडतो आणि तुटतो. कोळंबीच्या डोळ्यांतले घटक पीसीआर रोखतात, म्हणून शक्य असेल तिथे प्रयोगशाळा डोळे काढून टाकतात. अहवालात कोळंबीच्या स्वतःच्या जनुकाची चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आहे का, हे जरूर विचारा. तीही ‘निगेटिव्ह’ असेल तर पीसीआर चाललेलीच नाही. नमुना पुन्हा द्या आणि तोवर बी तळ्यात सोडू नका.

पिवळ्या डोक्याच्या रोगासारखे काही विषाणू आरएनएचे असतात. त्यांच्या चाचणीत आधी आरएनएवरून डीएनए प्रत काढावी लागते. तिथे साच्यातल्या यूसमोर ए बसतो, आणि एसमोर टी. साध्या डीएनए पीसीआरमध्ये हे विषाणू दिसतच नाहीत, तेव्हा कोणकोणत्या रोगांची चाचणी हवी ते नमुन्यासोबत लिहून द्या.