मित्राला भेटायला गेलो तर माझा व्हिसा धोक्यात येईल का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो, स्किल्ड वर्कर व्हिसावर आयटीत नोकरी करतो. तासगावकडचा माझा मित्र केअर वर्करच्या व्हिसावर इथे आला. त्यासाठी एजंटाला बारा लाख दिले, वडिलांनी द्राक्षबागेवर कर्ज काढलं. कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतला आणि पगार निम्माच दिला. पुढे कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार ठेवण्याचा परवाना, रद्द झालं, ६० दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधा नाहीतर देश सोडा असं पत्र मित्राला आलं, दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही. मागच्या आठवड्यात एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करताना त्याला धरलं आणि हीथ्रोजवळ, स्थलांतरितांना ताब्यात ठेवण्याच्या हार्मंड्सवर्थ केंद्रात ठेवलं. त्याचे आईवडील मला रोज फोन करतात. मी भेटायला गेलो, हमी दिली, तर माझ्या व्हिसावर काही येईल का? ओळखीतला एक माणूस दीड हजार पौंडांत ‘आठवड्यात बाहेर काढतो’ म्हणतोय. त्याला पैसे देऊ का?

उत्तर : जा, आणि या आठवड्यातच जा. ताब्यात असलेल्या माणसाला भेटणं हा ब्रिटनमध्ये गुन्हा नाही. तुमचा व्हिसा वैध आहे. भेटीची नोंद तुमच्या नावावर झाली म्हणून तो रद्द करता येत नाही. १९७१च्या इमिग्रेशन कायद्याचं कलम २५ वाचून लोक घाबरतात, पण ते बेकायदा प्रवेशाला किंवा बेकायदा राहण्याला जाणूनबुजून मदत करणाऱ्यासाठी आहे. खोटा पत्ता, बनावट पगारपत्रक, लपवून ठेवणं यांपासून चार हात लांब राहा. उघडपणे भेटणं, कपडे देणं, वकील शोधून देणं यात भिण्यासारखं काही नाही.

भेट आदल्या दिवशीपर्यंत बुक करावी लागते आणि पासपोर्ट किंवा ड्रायव्हिंग लायसन्स दाखवावं लागतं. काय आत नेता येईल ते बुकिंग करतानाच विचारा. आईनं पाठवलेला लाडूचा डबा दारातून परत येण्याचीच शक्यता जास्त. वही आणि पेन मात्र सोबत असू द्या, आत नेऊ दिलं नाही तर बाहेर येताच सगळं लिहून काढा. होम ऑफिसचा (ब्रिटनच्या गृहखात्याचा) संदर्भ क्रमांक, त्याला आजवर मिळालेल्या प्रत्येक नोटिशीची तारीख, आणि कशावर सही केली आहे का, हे त्याला विचाराच. न समजलेल्या कागदावर सही करू नको, हे पहिल्याच भेटीत सांगा. ताब्यातला माणूस थकलेला असतो. ‘सही केलीस की सुटशील’ असं कुणी म्हटलं की तो सही करून मोकळा होतो.

त्या ओळखीच्या माणसाला एक पौंडही देऊ नका. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला कोण देऊ शकतो हे १९९९च्या कायद्यानं ठरलेलं आहे. सॉलिसिटर, बॅरिस्टर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार यांच्यासारखी पात्रता नसताना तो देणं हाच गुन्हा आहे. तुमच्या मित्राला केंद्रातच ३० मिनिटांचा मोफत कायदेशीर सल्ला मिळण्याचा हक्क आहे, खिशात पैसे असोत वा नसोत. त्यासाठी तिथल्या वेलफेअर ऑफिसात नाव नोंदवायचं. तो ‘दोन दिवसांनी जातो’ म्हणत असेल तर त्याला आजच जायला सांगा. जामिनाच्या कामात बेल फॉर इमिग्रेशन डिटेनीज ही संस्था मोफत मदत करते, आणि डिटेन्शन अ‍ॅक्शन ही संस्था हार्मंड्सवर्थमधल्या लोकांसाठीही काम करते. तुम्हाला दर आठवड्याला जाणं जमणार नसेल तर त्यांच्याशी आत्ताच बोला.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं: कंपनीनं पासपोर्ट ठेवून घेतला आणि पगार निम्माच दिला. तुम्ही ते जाता जाता लिहिलंय. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचा कणा तोच आहे. कागदपत्रं अडवून ठेवणं, पगार दाबणं आणि डोक्यावर एजंटाचं कर्ज ही शोषणाची ओळखीची लक्षणं आहेत. ब्रिटनमध्ये अशा माणसाचं नाव, त्याच्या संमतीनं, शोषणाचे बळी ओळखणाऱ्या नॅशनल रेफरल मेकॅनिझम या यंत्रणेकडे पाठवता येतं. प्राथमिक निर्णय त्याच्या बाजूनं लागला तर सामान्यतः किमान ३० दिवसांचा सावरण्याचा काळ मिळतो आणि त्या काळात त्याला देशाबाहेर पाठवता येत नाही. आपली मुलं ‘अडाण्यासारखा फसलो’ या लाजेपायी हे वकिलालासुद्धा सांगत नाहीत. ते त्याच्याकडून तुम्ही काढून घ्या, मराठीत, घाई न करता. बँकेची स्टेटमेंट, व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज, ड्यूटीचे वेळापत्रक, जे मिळेल ते वकिलाकडे द्या. पण जे घडलं तेवढंच. आश्रय मागण्यासाठी रचलेली गोष्ट कुणी विकत देऊ करेल. ती उघडी पडली की खऱ्या गोष्टीवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

आता जामीन. होम ऑफिसकडे अर्ज करता येतो आणि बी-१ हा फॉर्म भरून फर्स्ट-टियर ट्रिब्युनल या न्यायाधिकरणाच्या न्यायाधीशाकडेही. दोन्हीला फी नाही. न्यायाधीश मुख्यतः हे पाहतो की हा माणूस सुटल्यावर राहील कुठे, हजेरीला येईल का आणि त्याच्या पाठीशी कोण आहे. इथे तुमची गरज आहे. हमीची रक्कम आधी भरायची नसते; त्यानं अटी मोडल्या तरच ती तुमच्याकडून वसूल होते. म्हणून झेपेल तेवढीच लिहा, बँक स्टेटमेंट आणि व्हिसाचा पुरावा जोडा आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. तुमच्या खोलीचा पत्ता देणार असाल तर आधी घरमालकाची लेखी संमती घ्या. इंग्लंडमध्ये भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासण्याची जबाबदारी मालकावर असते. जामिनावरच्या माणसाला होम ऑफिस तशी परवानगी देऊ शकतं, पण मालकाला अंधारात ठेवलंत तर तुमचीच जागा जाईल. दुभाषाच्या रकान्यात ‘मराठी’ लिहा. हिंदी चालेल म्हणू नका, साक्ष अडखळते. आणि अर्धवट तयारीनं अर्ज टाकू नका: एकदा नाकारला की परिस्थितीत ठोस बदल झाल्याशिवाय २८ दिवस पुन्हा सुनावणी मिळत नाही.

किती दिवस ठेवतील, असं त्याची आई विचारत असेल. प्रौढांसाठी ब्रिटनच्या कायद्यात सर्वसाधारण कमाल मुदतच नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. पण मोकळं रानही नाही. १९८३मध्ये हरदयाल सिंग या भारतीय माणसाच्या खटल्यात न्यायमूर्ती वुल्फ यांनी ठरवून दिलं की देशाबाहेर पाठवण्यासाठीच ताब्यात ठेवता येतं, तेही वाजवी काळापुरतं, आणि सरकारनं त्या कामात दिरंगाई करता कामा नये. त्या खटल्यातही घोळ प्रवासाच्या कागदपत्रांचाच होता. तुमच्या मित्राचा पासपोर्ट जुन्या मालकाकडे आहे, म्हणून हे लक्षात ठेवा. कागदपत्रांना त्यानं स्वतः आडकाठी केली तर उशीर त्याच्याच खात्यावर जातो. भारतीय उच्चायुक्तालयाशी संपर्क साधण्याचा त्याला हक्क आहे; मात्र परत जाण्यात जिवाची भीती असेल तर आधी वकिलाशी बोलावं.

परत जाणं हाही एक मार्ग आहे, त्यात हार मानल्यासारखं काही नाही. व्हिसा संपून राहिलेला माणूस स्वतःच्या इच्छेनं, स्वतःच्या खर्चानं गेला तर पुढच्या व्हिसावर सहसा १ वर्षाची बंदी येते. सक्तीनं, सरकारी खर्चानं पाठवलं तर १० वर्षांची. ताब्यात असताना स्वतःच्या तिकिटावर जाऊ देतील का, हे वकिलाला पहिल्याच बैठकीत विचारा. ठरवू द्या मात्र त्यालाच. कर्जाच्या काळजीनं आईवडील ‘तिथेच थांब’ म्हणतील आणि तुम्ही ‘निघ’ म्हणाल, पण आत तो बसलाय.

एजंटाला सोडू नका. परदेशी नोकरीला माणसं पाठवण्यासाठी १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते आणि सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर इतकी आहे. बारा लाख घेणाऱ्याविरुद्ध स्थानिक पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स कार्यालयात तक्रार होऊ शकते. वडिलांना सांगा, बँकेच्या नोंदी, चिठ्ठ्या, फोनमधले मेसेज जपून ठेवा, त्यांच्या प्रती तुम्हाला पाठवा, आणि ‘पैसे परत देतो, इथे सही करा’ म्हणत एजंट दारात आला तर वकिलाला दाखवल्याशिवाय कागदाला हात लावू नका. तेच कागद इथे मित्राच्या शोषणाचा पुरावा म्हणूनही लागतील.